बोटीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

हिंगोली जिल्ह्याला समुद्र नाही. कयाधू आहे, पैनगंगा आहे, पूर्णेवर सिद्धेश्वरचे धरण आहे. पावसाळ्याच्या अखेरीस ते तुडुंब भरले म्हणजे "समुद्रच की हो!" असे आपणच एकमेकांना म्हणून घेतो. तेव्हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना हसू आले असेल. हिंगोलीच्या माणसाला बोटीचं काय?

पण श्रोतेहो, काळ बदलला आहे. २०१८ साली 'आंग्रिया' नावाची बोट मुंबईहून गोव्याला जाऊ लागली. तिच्या फेऱ्या पुढे थांबल्या. पण २०२१ सालापासून तिच्याहून कितीतरी मोठ्या बोटीवरच्या सहली मुंबईहून निघू लागल्या, गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे. मुलगा पुण्याला नोकरी करतो. आईवडिलांनी जन्मभर कापूस, तूर आणि हळद याशिवाय काही पाहिलं नाही. तो त्यांना बोटीची दोन तिकिटं पाठवतो. तिकिटं येतात मोबाईलवर, इंग्रजीत. मग तो मोबाईल घेऊन वडील शाळेच्या मास्तरांकडे जातात. म्हणून आजचं हे भाषण जितकं जाणाऱ्यांसाठी, तितकंच ते तिकीट वाचून दाखवणाऱ्या शिक्षकांसाठी आहे.

मास्तर तिकिटावरची तारीख वाचतात, बोट सुटायची वेळ वाचतात, आणि म्हणतात, "काळजी करू नका, संध्याकाळची बोट आहे. सकाळी मुंबईत उतरलात तरी चालेल." इथेच घोटाळा होतो. बोट सुटायची वेळ निराळी आणि बोटीवर चढण्याचं दार बंद व्हायची वेळ निराळी. दार सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. सामानाची तपासणी, ओळखपत्राची तपासणी, परदेशी जाणारी बोट असेल तर पारपत्राची तपासणी, हे सगळं धक्क्यावर व्हायचं असतं. आपल्या एस.टी.चा कंडक्टर "अहो, थांबा, म्हातारी येतेय" म्हणून घंटी मारायचा हात आवरतो. बोटीला तशी सोय नाही. भरती-ओहोटी, बंदरातली दुसऱ्या जहाजांची रांग, वाट दाखवणारा पायलट, यांच्या वेळा बांधलेल्या असतात. तुमच्या दोन तिकिटांसाठी ती थांबत नाही, आणि उशीर तुमच्याकडून झाला तर पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

पूर्वी हे उलट होतं. आपल्याकडची माणसं बोटीवर चढतच नव्हती असं नाही. हिंगोली, कळमनुरी, वसमत या भागातले मुसलमान बांधव हजला जात ते मुंबईहून, आगबोटीने. मुघल लाइन या कंपनीची जहाजे त्यांना जेद्द्याला नेत. १९९५ साली ही हजची जलयात्रा बंद झाली, आणि विमानच काय ते उरले. त्या काळचा उतारू इकडून निघे तो पूर्णेला एकदा आणि मनमाडला दुसऱ्यांदा गाडी बदलून, वळकटी आणि पत्र्याची ट्रंक सांभाळत बोरीबंदरला उतरे. उतरून तो धक्क्यावर जात नसे. क्रॉफर्ड मार्केटजवळ साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. अशा ठिकाणी तो पथारी टाकी आणि कित्येक दिवस मुक्काम करी. टोचून घ्यायचं, कागदांवर शिक्के घ्यायचे, जहाज लागल्याची खबर ऐकायची. माणूस वाट पाहत असे आणि जहाज आपल्या वेळेने येत असे. आता जहाज घड्याळावर चालतं आणि उशीर माणसाला होतो. पण त्या जुन्या हाजींनी मुक्कामाची जागा कशी निवडली होती पाहा. जिथे गाडी सोडते आणि जिथून बोट निघते, त्या दोहोंच्या मधोमध. नातेवाईक कुठे राहतात, स्वस्त कुठे पडेल, हे नंतर.

वारकऱ्यांना हे सांगायला नको. आषाढीच्या वाटेवर आज किती कोस चालायचं यापेक्षा रात्रीचा मुक्काम कुठे, हे दिंडीत आधी ठरलेलं असतं. नरसी नामदेवच्या मुलखातल्या माणसांना मी मुक्कामाचं महत्त्व काय सांगू!

आता मुंबई गाठायची कशी, ते पाहू. हिंगोलीकरांना २०२४ सालापासून एक मोठी सोय झाली आहे. मुंबई-जालना जनशताब्दी गाडी हिंगोलीपर्यंत वाढवली गेली. ती पहाटे हिंगोलीहून निघते, वसमत, पूर्णा, परभणी, जालना करीत जाते आणि दिवस मावळायच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचवते. म्हातारी माणसं अजून त्याला व्ही.टी. किंवा बोरीबंदर म्हणतात. 'बंदर' हा शब्द त्या नावात उगाच नाही. १८५३ साली ठाण्याकडे पहिली आगगाडी तिथूनच निघाली, आणि समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. सहलीची बोट ज्या बॅलार्ड पियरवरून निघते, तो धक्का या स्टेशनपासून रमतगमत चाललं तरी वीस-पंचवीस मिनिटांत येतो. म्हणजे गाडी तुम्हाला जवळजवळ धक्क्यावरच नेऊन सोडते. मात्र त्याच दिवशी बोट गाठायचा विचार करू नका. गाडी दिवस कलता पोहोचणार आणि बोटीचं दार त्याआधीच बंद झालेलं असणार. आदल्या दिवशीच निघायचं.

विमानाने जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. छत्रपती संभाजीनगरपर्यंत चारएक तास मोटारीने, तिथून तासाभरात मुंबई, असा हिशेब मुलं मांडतात आणि "बाबा, गाडीपेक्षा विमान लवकर" म्हणतात. विमान लवकर उतरतं खरं, पण उतरवतं कुठे? मुंबईचा जुना विमानतळ अंधेरी-विलेपार्ल्याकडे आहे. तिथून बॅलार्ड पियर पंचवीसएक किलोमीटर लांब आहे, आणि हे पंचवीस किलोमीटर म्हणजे हिंगोली ते औंढा नव्हे. रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास, नसेल तर दोन तास. त्यातून आता विमानतळ दोन झाले. दुसरा नवी मुंबईचा, पनवेलजवळ. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथे प्रवासी विमाने उतरू लागली. तिकिटावर दोहोंनाही 'मुंबई'च म्हटलेलं असू शकतं. शिक्षक मित्रहो, तिकीट वाचताना तीन अक्षरं शोधा. बी.ओ.एम. असेल तर जुना विमानतळ, एन.एम.आय. असेल तर नवी मुंबईचा. शिवाय विमान रात्री साडेबारानंतरचं असेल तर तारीख दोनदा वाचा. सोमवारची रात्र म्हणून माणूस निघतो आणि तिकीट रविवारच्या रात्रीचं निघतं, असं शिकलेल्यांचंही होतं.

जुन्या विमानतळावर उतरलात तर मला सर्वांत निर्धास्त वाटते ती भुयारी मेट्रो, तिसरी मार्गिका. तिचा पहिला टप्पा २०२४ साली सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थेट कफ परेडपर्यंत पोहोचली. साडेतेहेतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके. विमानतळाच्या टी-१ आणि टी-२ या दोन्ही इमारतींपाशी तिचं स्थानक आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशीही आहे. मध्ये बदलायचं नाही, वरची गर्दी, पाऊस, मोर्चा, कशाचा संबंध नाही. एक ध्यानात ठेवा, मध्यरात्री ती बंद असते, आणि चार-चार मोठ्या बॅगा घेऊन सरकत्या जिन्यावर चढणं म्हाताऱ्या माणसांना जमत नाही. सामान जास्त असेल, गुडघे दुखत असतील, तर टॅक्सीच बरी. पण ती विमानतळाच्या आतल्या ठरवून दिलेल्या खिडकीवर आधी पैसे भरून घ्यावी, किंवा मुलाने त्याच्या मोबाईलवरून मागवून द्यावी. "चला काका, स्वस्तात सोडतो" म्हणत हातातली बॅग उचलणाऱ्याच्या मागे जाऊ नये. आणि आपल्याकडच्यासारखा ऑटो करू म्हणाल, तर तो माहीम-शीवपर्यंतच. त्यापुढे जुन्या मुंबई शहरात ऑटोला परवानगीच नाही. सामानासकट मध्येच उतरून टॅक्सी शोधायची पाळी येते.

नवी मुंबईच्या विमानतळावरून मोटारीनेच यावं लागेल. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू खाडी ओलांडून शिवडीला आणतो. एकवीस किलोमीटरहून लांब पूल आहे. शिवडीहून पुढे पूर्वेचा मुक्त मार्ग थेट बंदराच्या बाजूला उतरतो. अंतर जास्त, टोलही द्यावा लागतो, पण शहराच्या मधल्या गर्दीत शिरावं लागत नाही. बोटीच्या प्रवाशाला हा मार्ग वाटतो तितका वाईट नाही.

लोकलचं काय? तिचं गणित सोपं आहे. सकाळी गर्दी फोर्टकडे वाहते, संध्याकाळी उलटी. या वाहत्या पुरात बॅग घेऊन शिरू नये. आणि यावरूनच मी एका नाजूक गोष्टीकडे येतो. आपलं कोणी ना कोणी मुंबईत असतंच. म्हणजे कल्याणला, डोंबिवलीला, बदलापूरला. भाचा फोन करतो, "मामा, लॉजवर कशाला? घर असताना पैसे घालवता होय?" त्याचा जीव खरा आहे. पण कल्याण ते टर्मिनस पन्नासएक किलोमीटर आहे, आणि सकाळच्या लोकलमध्ये मामींना सामानासकट चढवणं हे भाच्याच्याही हातात नाही. भाच्याला सांगावं, "परत येताना दोन दिवस तुझ्याकडे." परतीला कसली घाई नसते, आणि बोटीवरच्या गोष्टी सांगायलाही तेव्हा असतात.

मुक्काम घ्यावा तो फोर्टमध्ये, टर्मिनसच्या आजूबाजूला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला. हा भाग उतारूंच्या मुक्कामाचाच. लोकमान्य टिळक मुंबईत उतरत ते सरदारगृह इथलंच, आणि १९२० साली १ ऑगस्टला त्यांनी देह ठेवला तो त्याच सरदारगृहात. दर साधे असतात तशी खोल्याही लहान असतात. खोली घेताना तीन प्रश्न विचारावेत. उद्वाहक आहे का? सकाळी खोली किती वाजता सोडावी लागते? आणि सोडल्यावर बोटीच्या वेळेपर्यंत सामान खाली ठेवू द्याल का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मग दहा वाजल्यापासून माणसं बॅगांवर बसून फुटपाथवर उन्हात वाट पाहतात.

टॅक्सीवाल्याला "बोटीवर जायचंय" एवढंच सांगू नका. मुंबईत बोटी तीन-चार ठिकाणांहून सुटतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचेस आणि मांडव्याची मोटारी नेणारी बोट निघते. गेटवेवरून घारापुरीच्या लाँचेस. आपली सहलीची मोठी बोट निघते ती बॅलार्ड पियरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलवरून. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. भाऊचा धक्का तिथून तीनेक किलोमीटर दूर, माझगावला आहे. "ग्रीन गेट, बॅलार्ड पियर" हे शब्द मराठीत एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मोबाईलची बॅटरी संपते. चिठ्ठीची संपत नाही.

धक्क्यावर मोठं सामान तुमच्याकडून घेतात आणि पुढे तुमच्या खोलीपर्यंत पोहोचवतात. तेव्हा आधार कार्ड, तिकीट, औषधं आणि चष्मा त्या बॅगेत टाकू नका. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परत निघाले, तेव्हा त्यांच्या ग्रंथांच्या पेट्या दुसऱ्या बोटीने यायच्या होत्या. महायुद्धाचे दिवस, पाणबुडीने ती बोट बुडवली. बाबासाहेब सुखरूप मुंबईला आले, ग्रंथ समुद्रात गेले. आज पाणबुडीचं भय नाही, पण रक्तदाबाची गोळी बॅगेत आणि बॅग दुसऱ्या मजल्यावर, एवढं संकटही पुरेसं असतं.

आणि संध्याकाळी चहा झाला की एकदा ती वाट चालून या. टर्मिनससमोरून मोठ्या पोस्टाकडे वळायचं. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावर बेतलेला आहे. एकदा पाहिला की खूण चुकत नाही. पोस्टाजवळून बॅलार्ड इस्टेटकडे जो रस्ता जातो त्याला वालचंद हिराचंदांचं नाव आहे. सोलापूरचा हा माणूस; समुद्र त्यांच्याही गावाला नव्हता. त्यांच्या सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून. पुढे दगडी इमारतींच्या सावलीतून शांतपणे चालत गेलात की बंदराची भिंत आणि दार येतं. बोट आधीच लागलेली असेल तर भिंतीवरून तिचे मजले दिसतील. बाईसाहेबांना जरा वेळ बघू द्या. परतताना दुकानातून आलेपाकाच्या चार वड्या घ्या. बोट धक्क्याला लागते तशी ती माणसालाही लागते, आणि सिद्धेश्वरच्या होडीची सवय तिथं काही कामाला येत नाही.