राजस्मृतीचीं चिनी भांडीं

राजाचें चित्र असलेली बशी ही जेवावयाची वस्तु नव्हे. ती भिंतीवर लावावयाची किंवा कपाटांत मांडावयाची वस्तु होय. राज्यारोहण, विवाह, वाढदिवस असा एखादा प्रसंग आला, कीं युरोपांतील कारखाने तो चिनी मातीवर उतरवीत. अशीं भांडीं जमविण्याचा छंद जळगांव-धुळ्याच्या घरांत फारसा परिचित नसेल. परंतु त्यांतून मिळणारा धडा खानदेशाला नवा नाहीं.

स्वीडन देशांतील दोन कारखाने या कामीं नामांकित झाले. रोरस्ट्रांड हा स्टॉकहोम येथें १७२६ सालीं निघाला, आणि गुस्ताव्ह्सबर्ग हा त्या शहराजवळ १८२५ सालीं. पहिल्याची खूण तीन मुकुट, दुसऱ्याची जहाजाचा नांगर. त्या देशांत शेवटचा राज्याभिषेक झाला तो दुसऱ्या ऑस्कर राजाचा, १८७३ सालीं. १९०७ सालीं गादीवर आलेल्या पांचव्या गुस्ताव्हनें राज्याभिषेक करवून घेतला नाहीं, व पुढील राजांनींही तोच कित्ता गिरविला. तेव्हां यानंतरच्या स्वीडिश राज्याभिषेकाची म्हणून कोणी बशी पुढें केलीच, तर जाणत्या संग्राहकानें ती हळूच परत करावी! १९५० ते १९७३ पर्यंत राज्य करणारा सहावा गुस्ताव्ह आडोल्फ तर स्वतःच चिनी कलावस्तूंचा व्यासंगी संग्राहक होता.

बशी हातीं आली, कीं आधीं तिची पाठ पाहावी. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. म्हणून ज्या कागदावर ‘पूर्व खानदेश जिल्हा’ असें आहे, तो त्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. भांड्यांचेंही तसेंच. पाठीवर ‘इंग्लंड’ हें देशाचें नांव असेल, तर तो माल बहुधा १८९१ नंतरचा समजावा.

परंतु दर्शनी बाजूवर मात्र आंधळा विश्वास ठेवूं नये. आठव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाचा दिवस १२ मे १९३७ हा ठरला होता. स्मारकाचे पेले आधींच तयार झाले, आणि ११ डिसेंबर १९३६ रोजीं त्याचें राज्य संपलें. ठरल्या दिवशीं मुकुट चढला तो त्याच्या धाकट्या भावाच्या मस्तकीं. न झालेल्या समारंभाची ग्वाही देणारे ते पेले आजही संग्राहकांकडे सांपडतात.

याहून मोठी गोष्ट महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची आहे. व्हिक्टोरिया राणीचा हीरक महोत्सव २२ जून १८९७ रोजीं साजरा झाला. त्याच्या पेल्यांवर राणीची शांत मुद्रा आहे. त्याच रात्रीं पुण्यास गणेशखिंडीच्या समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चाफेकर बंधूंनीं गोळी झाडली. प्लेगच्या दिवसांतील घरोघरच्या झडत्यांनीं पुणें गांजून गेलें होतें. त्या संतापाचें एक अक्षरही पेल्यावर नाहीं. भाटानें स्तुति करावी. बखर त्याच्याकडून कशी अपेक्षावी?

मग परक्या राणीचें चित्र आहे म्हणून असा पेला फोडून टाकावा काय? मुळींच नाहीं. फोडल्यानें इतिहास बदलत नाहीं, केवळ एक साक्षीदार नाहींसा होतो. साक्षीदार एकांगी असला, तर त्याची उलटतपासणी करावी. अस्सल कागदावांचून इतिहास लिहूं नये, हा आग्रह इतिहासाचार्य राजवाडे यांनीं जन्मभर धरला. गांवोगांव हिंडून त्यांनीं जुनीं दप्तरें मिळविलीं, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच देह ठेवला. त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें १९२७ पासून त्यांच्या दप्तरांचा सांभाळ करीत आलें आहे.

तीच शिस्त घरांतील कपाटालाही लागू आहे. वडिलार्जित पेला असो वा बाजारांत घेतलेली बशी, ती कोणाकडून, केव्हां व कशी आली, हें एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी तिच्याजवळ ठेवावी. त्याच चिठ्ठीच्या मागें, बशीनें जें सांगितलें नाहीं तेंही लिहावें. घरांतील वडीलधाऱ्या माणसांना तें आठवत आहे तोंवर हें काम उरकणें बरें. बशी शंभर वर्षें टिकेल, सांगणारें माणूस तितकें टिकत नाहीं.