कारखान्यातला सत्यनारायण



युनियनवाल्यांचा आणि देवाचा उभा दावा असतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. आम्हां कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली, तीच देवाचा वशिला लावून. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारची सुट्टी मागितली. साहेबाचा रविवार चर्चचा, तसा आमचा खंडोबाचा! १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. तेव्हा रविवारी जो कोणी उशिरा उठतो (इथेही बरेच असतील), त्याने अंथरुणातूनच जेजुरीकडे हात जोडावेत.

पण आज बोलायचे आहे सत्यनारायणाबद्दल. कारखान्यात वर्षातून एकदा पूजा होते. दाराला केळीचे खांब, सव्वाच्या मापाने शिरा, आणि पाटावर सोवळे नेसून सपत्नीक मॅनेजरसाहेब. वर्षभर ज्यांना आमच्याशी बोलायला वेळ नसतो, ते दोन तास मांडी घालून जागेवर सापडतात. असा योग कोणता पुढारी सोडील?

कथा चालू असता बहुतेकांचे लक्ष शिऱ्याच्या पातेल्याकडे. आमचे कथेत. मोळीविक्या गरीब, आज लाकडांचे जे येईल त्यात पूजा करीन म्हणाला आणि त्याच दिवशी केली. साधुवाणी श्रीमंत. मूल झाले की पूजा करीन म्हणाला. मुलगी झाली. लीलावतीने आठवण दिली, तर म्हणे, तिच्या लग्नात करू. लग्न झाले, आणि वाणी जावयाला घेऊन व्यापाराला निघून गेला! ही रीत आमच्या ओळखीची आहे. आधी 'ऑर्डर येऊ द्या', मग 'ताळेबंद होऊ द्या', मग साहेब परदेशी. पुढे नावेत काय आहे म्हणून विचारले, तर वाणी सांगतो, वेली आणि पाने. वाटाघाटीत आम्हालाही हेच उत्तर मिळते. मात्र तिथे मालाची खरोखर पाने होत नाहीत.

पाचवा अध्याय तर आम्हाला पाठ आहे. तुंगध्वज राजा वडाखालच्या गवळ्यांचा प्रसाद टाकून जातो, सर्वस्व गमावतो, आणि परत येऊन त्याच गवळ्यांत बसून पूजा करतो तेव्हा कुठे गेलेले मिळते.

एका कारखान्यात (नाव नको, तिथे अजून आमची माणसे आहेत) कंत्राटी कामगारांना पूजेला आत घेत नसत. मशीन तेच, काम तेच, पगार निम्मा, आणि प्रसादाच्या पुड्या गेटवर. एका वर्षी आम्ही भटजींना विनवले, "गुरुजी, पाचवा अध्याय जरा मराठीत, सावकाश सांगा." गुरुजींनी चांगला रंगवून सांगितला. राजाचे शंभर पुत्र गेले, तिथे बाईसाहेबांनी साहेबांकडे असे काही पाहिले की आरती संपताच साहेब स्वतः ताट घेऊन गेटवर! पुढच्या वर्षापासून कंत्राटी माणसे आत, एकाच पंक्तीला.

आमचे एक जुने कॉम्रेड चिडले. "हक्क मागायचा की शिरा?" प्रश्न रास्त होता. शिऱ्याने पगारातला फरक भरला नाही. त्याचा खटला अजून चालू आहे. पण त्या पंक्तीत एका कंत्राटी पोराने शेजारच्या कायम माणसाला हळूच विचारले, "दादा, तुमचा बेसिक किती?" दादांनी घास हातातच धरून आकडा सांगितला. पोराने द्रोण खाली ठेवला.

पुढच्या आठवड्यात युनियनच्या कचेरीत अशा पोरांची रांग लागली. पावतीपुस्तक संपले, दुसरे आणायला माणूस पाठवावा लागला.