पाणी प्यायलास का? नाही, शू झाली का?

आजचा भाग छोटा आहे, पण घरात लहान मूल असेल तर शेवटपर्यंत ऐका.

मे महिन्यात मी ताईकडे अकोल्याला गेलो होतो. पारा पंचेचाळीसच्या आसपास. माझा पाच वर्षांचा भाचा सकाळपासून अंगणात क्रिकेट खेळत होता. मी दर तासाला विचारायचो, "पाणी प्यायलास का?" तो धावता धावता "हो मामा!" म्हणायचा. माझं समाधान व्हायचं.

दुपारी तो येऊन गप्प पडून राहिला. ओठ कोरडे, डोकं दुखतंय म्हणाला. ताईने मला एकच विचारलं, "यानं शू कधी केली?" मला सांगताच येईना. थोड्या वेळाने झाली ती थोडीशीच, आणि गडद पिवळी.

तेव्हा कळलं, मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. खेळात रमलेल्या पोराला तहान जाणवत नाही, आणि एक घोट घेतला तरी त्याच्या हिशोबात ते पाणी पिणंच असतं. शू मात्र खोटं बोलत नाही. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, कमी किंवा बराच वेळ नाही, तर पाणी कमी पडतंय.

पुढची चूकही माझीच. घाईघाईत मी ओआरएसचं मोठं पाकीट फोडून एका ग्लासात ओतायला निघालो. ताईने हात धरला. "अरे, वाच तरी काय लिहिलंय!" ते पाकीट एक लिटर पाण्यासाठी होतं. लहान पाकिटं 200 मिलीचीही मिळतात, म्हणून वाचायलाच हवं. मिश्रण घट्ट झालं तर रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं. यात साखर चवीला नसते. आतड्यात साखर आणि मीठ बरोबर शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. म्हणून प्रमाणाला महत्त्व.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा-चमचा, थांबत थांबत द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. तयार केलेलं 24 तासांनंतर टाकून द्यायचं. आणि ओआरएस लिहिलेलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. म्हणूनच ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांवर तो शब्द वापरायला मनाई केली.

धडधाकट पोराला मात्र रोज ओआरएस नको. माठातलं पाणी, ताक, टरबूज, काकडी पुरे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणीसुद्धा नको, आईचं दूध जास्त वेळा पाजायचं.

सहा-आठ तास शू नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेत, मूल सुस्त आहे किंवा असंबद्ध बोलतंय, तर घरी प्रयोग नकोत, थेट दवाखाना. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका.

आमचा पठ्ठ्या संध्याकाळी बॅट शोधत उठला. आता फोनवर माझा पहिला प्रश्न असतो, "शू कुठल्या रंगाची झाली?" तो हसत सुटतो, पण उत्तर देतो.

तुम्हीही आज घरी विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!