गर्दीतलं लक्ष



मे महिना तोंडावर आला की घरोघरी युरोपच्या सहलीच्या बॅगा भरायला सुरुवात होते. चिवडा, चकली, मेतकूट, औषधं, गरम कपडे यांच्या याद्या होतात. आणि विमानतळावर पोचवायला आलेला प्रत्येक जण एक वाक्य म्हणतोच : ‘सांभाळून राहा हं, तिकडे पाकीटमार फार.’ वाक्य प्रेमाचं आहे. पण त्याचा उपयोग होत नाही. तो का होत नाही आणि त्याऐवजी काय करता येतं, याविषयी मला आज बोलायचं आहे.

पॅरिसपासून सुरुवात करतो. मराठी मंडळींच्या सहली घेऊन मी ज्या शहरांत हिंडलो, त्यांत या बाबतीत सर्वांत जास्त शिकवलं ते पॅरिसनं. १० एप्रिल २०१३ हा दिवस घ्या. त्या दिवशी लूव्र संग्रहालयाचे दरवाजे उघडलेच नाहीत. आतल्या कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं होतं, आणि मागणी पगारवाढीची नव्हती. खिसेकापूंच्या टोळ्या रोज दालनांत शिरत होत्या. त्यांत लहान मुलंही असत, कारण अठरा वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश मोफत आहे. हटकलं तर शिवीगाळ होई, अंगावर धावून जाणं होई. रखवालदार या सगळ्याला कंटाळले होते. पुढे २२ मे २०१५ रोजी आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनी याच कारणासाठी काम थांबवलं आणि टॉवर बंद ठेवावा लागला.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. जी माणसं तिथे रोज उभी असतात, ज्यांना चोरांचे चेहरे पाठ आहेत, त्यांनाही हे आवरत नव्हतं. मग एका दिवसापुरत्या तिथे गेलेल्या साठीतल्या काका-काकूंनी नुसतं सावध राहून काय होणार?

आता लूव्रमधल्या मोनालिसाच्या दालनात चला. मोनालिसाचं चित्र आकारानं फार मोठं नाही. उंची ७७ सेंटीमीटर, रुंदी ५३. त्याच्यापुढे काच, त्याच्यापुढे कठडा आणि कठड्याबाहेर दाटीवाटीनं उभी माणसं. चित्र लांबून नीट दिसत नाही, म्हणून जो तो फोन डोक्यावर धरतो. अशा माणसाकडे जरा मागून पाहा. दोन्ही हात वर गेलेत. त्यांच्याबरोबर शर्ट वर ओढला गेलाय आणि पँटचा मागचा खिसा उघडा पडलाय. खांद्यावरची पर्स सरकत पाठीकडे गेलीय. दोन्ही बाजूंनी अनोळखी माणसांचे खांदे घासताहेत, त्यामुळे आणखी एक स्पर्श झाला तर तो वेगळा कळत नाही. डोळे, मान, मन, सगळं पुढे लागलेलं. आयुष्यभर पुस्तकात पाहिलेलं चित्र समोर आहे. त्या क्षणी या माणसानं खिशाकडे लक्ष ठेवावं असं म्हणणं म्हणजे त्यानं मोनालिसा पाहू नये असं म्हणणं आहे. इतके पैसे खर्चून तो पाहायलाच तर आला आहे!

पाकीटमार खिसा नंतर शोधतो, आधी हा क्षण शोधतो. लोकांना वाटतं की त्याची सगळी करामत बोटांत आहे. बोटं तयार असावी लागतात हे खरं. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनी १९५९ साली ‘पिकपॉकेट’ हा चित्रपट केला. त्यात कासागी नावाचा हातचलाखीतला जाणकार त्यांनी सल्लागार म्हणून घेतला आणि पडद्यावरही आणला. त्यातला रेल्वे स्टेशनवरचा प्रसंग मिळाला तर जरूर पाहा. पण बोटांचं काम शेवटचं. त्याआधी तुमचं लक्ष दुसरीकडे न्यावं लागतं. अमेरिकेत अपोलो रॉबिन्स नावाचे एक कलावंत आहेत. ते रंगमंचावर लोकांचे खिसे कापून दाखवतात आणि वस्तू परत करतात. २००१ साली त्यांनी माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या अंगरक्षकांशी गप्पा मारता मारता त्यांच्या अंगावरच्या वस्तू काढून घेतल्या. कार्टर यांच्या ताफ्यातल्या गाड्यांच्या किल्ल्यासुद्धा त्यांच्या हाती आल्या. ज्यांचा पेशाच डोळ्यांत तेल घालून पहारा करण्याचा, त्यांची ही गत.

या रॉबिन्स यांचा एक अनुभव मेंदूच्या अभ्यासकांनी पुढे तपासून पाहिला. ते निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हात सरळ रेषेत नेला तर पाहणाऱ्याची नजर टपकन शेवटच्या जागी उडी मारते. तोच हात कमानीसारखा वळवत नेला तर नजर त्याच्यामागे वाहत जाते. म्हणजे आपलं लक्ष कसं वाहवतं याला नियम आहेत, आणि रस्त्यावरच्या पाकीटमारानं ते शाळेत न जाता आत्मसात केले आहेत. तेव्हा ज्याचं पाकीट गेलं तो वेंधळा, असं समजणं मला अन्यायाचं वाटतं.

पॅरिसच्या मेट्रोत हे कसं घडतं ते सांगतो. दार बंद होण्यापूर्वी एक भोंगा वाजतो. तो वाजला की चढणारे घाई करतात. आमच्या गटातले एक निवृत्त मुख्याध्यापक असेच चढत होते. त्यांच्यापुढची बाई दारातच थबकली, खाली वाकली, काहीतरी पडल्यासारखं करून चाचपू लागली. सर थांबले. मागून दोघं तिघं ‘पारदाँ, पारदाँ’ करत रेटू लागले. सरांचा एक हात खांबाला, दुसरा पत्नीच्या दंडाला. भोंगा चालूच. बाई एकदम उठली आणि बाहेर पडली, मागचेही उतरले, दार मिटलं, गाडी सुटली. पुढचं स्टेशन येईपर्यंत सरांना काही कळलं नव्हतं. पुढे अडवणारी एक, मागून रेटणारा एक, हात घालणारा एक आणि माल हातात पडताच तो घेऊन निघून जाणारा आणखी एक. ज्यानं हात घातला त्याला धरलंत तरी त्याच्याजवळ काही सापडत नाही.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. सह्यांचा कागद पुढे करणाऱ्या मुली भेटतात. कागद तुमच्या पर्सवर धरलेला असतो आणि त्याखाली दुसरा हात असतो. माँमार्त्रच्या चर्चच्या पायऱ्यांपाशी तरुण मुलं तुमच्या मनगटाला दोरा बांधू लागतात. बांधून होईपर्यंत तुम्हाला हलता येत नाही. सेन नदीकाठी कुणीतरी सोन्याची अंगठी सापडल्याचं दाखवतं. आयफेलजवळ तीन वाट्यांचा खेळ मांडलेला असतो. तिथे भोवती उभे राहून पैसे जिंकणारे त्यांचेच साथीदार असतात. या सगळ्यांवर एकच उपाय. थांबायचं नाही, हात द्यायचा नाही, ‘नॉन’ म्हणून चालत राहायचं. आपल्याशी कुणी बोलत असताना पुढे निघून जाणं उद्धटपणाचं वाटतं. परदेशात आपण चांगलं दिसावं ही आपली इच्छा असते, आणि तिचाच फायदा घेतला जातो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. चोर म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो त्यांत कोवळी मुलं असतात. २०१३ साली पॅरिसच्या न्यायालयात एका टोळीच्या म्होरक्याला सात वर्षांची शिक्षा झाली. लहान मुलींना मेट्रोत चोऱ्या करायला पाठवायचं आणि पुरेसे पैसे आणले नाहीत तर मारहाण करायची, असा तो धंदा होता. म्हणून आरडाओरडा करा, वस्तू घट्ट धरा, पण मुलावर हात उगारू नका. आणि अमक्या वर्णाचे, तमक्या जमातीचे लोक दिसले की पर्स आवळायची, हेही करू नका. मला भेटलेल्या चोरांत सुटाबुटातला माणूस होता, हातात शहराचा नकाशा घेतलेलं प्रवासी जोडपं होतं. चेहऱ्यावरून ओळखायला गेलात तर निरपराध माणसाचा अपमान होईल आणि पाकीट जायचं ते जाईलच.

कठोर शिक्षेनंही हे थांबत नाही. इंग्लंडमध्ये १८०८ पर्यंत शिलिंगभराहून जास्तीचा ऐवज खिशातून मारला तर फाशीची तरतूद होती. तरी लंडनच्या गर्दीत खिसे कापले जातच होते.

मग करायचं काय? लक्ष दिवसभर शाबूत राहणार नाही हे धरूनच चालायचं, आणि ते सुटेल त्या दोन क्षणांत हाताला लागेल असं काही ठेवायचं नाही. व्यवस्था घरी करायची, म्हणजे तिथे मान वर करून खुशाल पाहता येतं. आपल्या आज्यांना हे माहीत होतं. त्या जत्रेला निघताना पैसे कनवटीला लावत. माझा आग्रह तोच आहे. बायकांनी परकराला किंवा सलवारीला आतून खिसा शिवून घ्यावा, त्याला चेन लावावी. पुरुषांनी पँटच्या कमरेच्या आत चोरखिसा करून घ्यावा. गळ्यात लटकवायची पासपोर्टची पिशवी शर्टाच्या आत गेली पाहिजे. बाहेर लोंबणारी पिशवी नुसती जाहिरात करते.

आणि चोरखिसा रस्त्यावर उघडायचा नाही. तो उघडताना कुणी पाहिला की त्याचा उपयोग संपला. सकाळी खोलीतच दिवसाच्या खर्चापुरते पैसे काढून पुढच्या खिशात ठेवा. ते गेले तर दिवस वाईट जाईल, सहल वाया जाणार नाही. दोन कार्डं असतील तर ती नवरा-बायकोंनी वाटून घ्यावीत आणि शक्य असेल तेव्हा एक कार्ड खोलीतल्या तिजोरीत असावं. ज्या दिवशी देश किंवा हॉटेल बदलायचं नाही त्या दिवशी पासपोर्टही तिथेच ठेवा आणि झेरॉक्स जवळ बाळगा. सोनं घरी ठेवा, हे मी बहिणींना हात जोडून सांगतो. आणखी एक. ‘पाकीटमारांपासून सावध’ अशी पाटी दिसली, किंवा मेट्रोत तशी घोषणा झाली, की माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. पाहणाऱ्याला पाकीट कुठे आहे ते तिथेच कळतं. हात जागच्या जागी ठेवायची सवय लावून घ्या.

पाकिटापेक्षा आज फोनची चोरी जास्त महागात पडते. फोटो जातात ते वेगळंच. पण तुमच्या इथल्या बँकेचा ओटीपी त्याच सिमवर येतो. चोरानं ते सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर स्क्रीनचं कुलूप काही करू शकत नाही. म्हणून निघण्यापूर्वी सिमलाही पिन लावून घ्या. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ती सोय असते. जमत नसेल तर नातवाला सांगा. बँकेचे नंबर कागदावर लिहून दोन वेगळ्या बॅगांत ठेवा, कारण ते फोनमध्येच असतील तर गरज पडेल तेव्हा मिळणार नाहीत. मेट्रोच्या दाराशी बसून फोन पाहू नका. दार मिटता मिटता तो हिसकावून उतरायला क्षणही लागत नाही. आपल्याकडेही विसर्जनाच्या मिरवणुकीत, वारीच्या गर्दीत फोन जातात. त्यासाठी *#०६# दाबून येणारा आयएमईआय क्रमांक आजच लिहून ठेवा. भारतात फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो.

आता त्या मुख्याध्यापकांकडे परत येतो. त्यांचं पाकीट गेलं सकाळी अकराच्या सुमारास. त्यांनी ते आम्हाला सांगितलं रात्री जेवणाच्या टेबलावर, तेही पत्नीनं पैसे मागितले म्हणून. मधले सगळे तास ते गप्प होते. नोत्र दामपुढे फोटोलाही हसून उभे राहिले. आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिस्त शिकवली आणि आपल्याच बाबतीत असं झालं, हे त्यांना कुणाला सांगवत नव्हतं. त्या काळात त्यांचं कार्ड चार दुकानांत चाललं. फ्रान्समध्ये ५० युरोपर्यंतच्या खरेदीला कार्ड नुसतं टेकवलं तरी भागतं, पिन लागत नाही. त्यांनी स्टेशनवरच सांगितलं असतं तर पाच मिनिटांत कार्ड बंद करता आलं असतं. चोरीपेक्षा या गप्प बसण्यानं मला जास्त वाईट वाटलं. आणि ते गप्प का बसले? ‘तुम्हाला सांगितलं होतं ना सांभाळून राहा म्हणून’ हे वाक्य ऐकावं लागेल म्हणून. आपण ज्याला सावधगिरीचा सल्ला म्हणतो, त्यातच पुढचा ठपका आधीपासून असतो. सोबतच्या माणसाचं काही गेलं तर त्याला तिथे एक शब्द बोलू नका. आधी कार्ड बंद करा, मग सिम, मग पोलीस. युरोपात तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो, आणि चोरीची तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन नोंदवता येते. तिची प्रत घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका, कारण विम्याला आणि वकिलातीला तीच लागते.

पासपोर्टच गेला असेल तर भारतीय वकिलातीतून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते एकदाच, भारतात परतण्यापुरतं चालतं. त्यावर पुढे स्वित्झर्लंडला जाता येत नाही. बाकीचा गट रेल्वेनं बर्फ पाहायला निघतो आणि पासपोर्ट गेलेलं जोडपं मुंबईच्या विमानाची वाट पाहत बसतं, असं मी पाहिलं आहे. सोबत पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, दोन-तीन फोटो असले तर निदान तेवढं काम लवकर होतं. या प्रती फोनमध्ये आणि मुलांच्या ई-मेलवरही असू द्या.

समोर काही मंडळी पुढच्याच आठवड्यात निघणारी दिसताहेत. त्यांनी आतला खिसा उद्या सकाळीच शिवायला टाकावा. लग्नसराईमुळे शिंपी सध्या चार दिवसांशिवाय कपडा हातात देत नाहीत.