अणुवैद्यकाच्या शिक्षणासाठी अर्ज करण्यापूर्वी

(राजवाडा, इंदूर येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



घरातील मुलगा अथवा मुलगी विज्ञानाची पदवी हाती येताच अणुवैद्यकाच्या शिक्षणासाठी अर्ज करण्याचा मनोदय बोलून दाखविते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या मनात दोन भाव एकदम जागे होतात. अणू या शब्दासरशी हिरोशिमा आठवते, म्हणून भीती. आणि मोठ्या रुग्णालयातील नोकरी दिसू लागते, म्हणून मोह. यांपैकी भीती बहुतांशी अनाठायी आहे. मोह मात्र घात करू शकतो.

प्रथम या विद्येचे स्वरूप पाहू. क्ष-किरणाचे यंत्र बाहेरून किरण टाकून आतील छाया टिपते. अणुवैद्यकात औषध शरीरात जाते आणि तेथून किरण बाहेर पाठविते. कॅमेरा ते टिपतो. त्यामुळे अवयवाच्या आकाराबरोबर त्याचे कार्यही कळते. यासाठी बहुधा टेक्नेशियम वापरतात. त्याचे सामर्थ्य दर सहा तासांनी निम्मे होते. सकाळी आठ वाजता शंभर भाग असले, तर दुपारी दोनला पन्नास आणि रात्री आठला पंचवीस. ज्या पात्रातील मोलिब्डेनमपासून ते रोज काढून घेतात, त्या पात्राला या क्षेत्रातील मंडळी कौतुकाने ‘गाय’ म्हणतात आणि काढण्याच्या क्रियेला ‘दोहणे’. तंत्रज्ञाने घड्याळ आणि गणित चुकविले, तर रुग्णास भलतीच मात्रा जाते. म्हणून या शिक्षणास हुशारीइतकाच नेटका स्वभाव लागतो.

आता भीतीविषयी. आपल्या देशात किरणांजवळ काम करणाऱ्यास पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा असून कोणत्याही एका वर्षी ३० च्या वर जाता येत नाही. छातीवरील बिल्ला ही नोंद ठेवतो. स्त्रीकर्मचाऱ्याने गर्भारपण कळविल्यानंतर उरलेल्या काळात गर्भास १ मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक किरणमात्रा पोहोचणार नाही, अशी कामाची व्यवस्था करावी लागते. पृथ्वीवर प्रत्येक मनुष्यास निसर्गतःच वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, हे ध्यानी घेतले म्हणजे केवळ भयापोटी मुलीची वाट अडविणे न्यायाचे ठरत नाही.

अर्ज करावा कोठे? इंदुरात होळकर महाविद्यालय १८९१ पासून विज्ञानाची पायाभरणी करीत आले आहे. येथील राजा रामण्णा केंद्र अणुऊर्जा विभागाचे असल्यामुळे कित्येकांस वाटते की हे शिक्षणही तेथेच मिळेल. परंतु त्या केंद्राचा विषय लेसर आणि कणत्वरक हा आहे. अणुवैद्यकाचे आद्यपीठ मुंबईस परळ येथे आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली तेथे विकिरण औषधी केंद्र स्थापिले. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत पदवीनंतरचे, तर मणिपाल येथे बारावीनंतरचे शिक्षण मिळते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मुलांना तेथील कम्युनिटी कॉलेजांतून दोन वर्षांचा मार्ग मोकळा आहे; मात्र जागा थोड्या असतात आणि शरीररचना, रसायन, बीजगणित हे विषय बहुधा आधीच पुरे करावे लागतात.

आता मोहाची गोष्ट. १९८४ च्या आगीनंतर राजवाड्याचा दर्शनी भाग उभा होता, पण मागील वास्तूची राख झाली होती. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाडा दिसे. आत वाडा नव्हता. पुढे जीर्णोद्धार झाला, हे आपले भाग्य. काही शिक्षणसंस्थांचेही असेच असते. माहितीपत्रक झकास, शुल्क भारी, आणि आत ना कॅमेरा, ना औषध तयार करण्याची प्रयोगशाळा. १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ तंत्रज्ञाची अर्हता ठरविते. ती अर्हता न देणारे प्रमाणपत्र चौकटीत शोभेल, पण त्याच्या बळावर या विभागात तंत्रज्ञ म्हणून उभे राहता येणार नाही. ज्या कुटुंबाने दागिना गहाण ठेवून शुल्क भरले, त्याचा पैसा परत येत नाही आणि मुलाची दोन वर्षेही परत येत नाहीत.

यास्तव अर्जावर सही करण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न लेखी विचारावे. हे प्रमाणपत्र नियामक मंडळाच्या अर्हतेत बसते काय? पदवी कोणत्या विद्यापीठाची? प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने? मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोठे काम करीत आहेत? उत्तर लेखी मिळाले तर पुढे जावे; केवळ तोंडी आश्वासन मिळाले तर तेथेच थांबावे. शक्य असल्यास विद्यार्थ्याने एखाद्या रुग्णालयाच्या या विभागात अनुमती घेऊन एक दिवस काढावा. रुग्णाची भीती घालविता येते काय आणि तोच हिशेब दहादा न कंटाळता करता येतो काय, हे त्याचे त्यालाच उमजेल.

मुलांच्या हाती विद्या देणे हे आपल्या पूर्वजांचे व्रत होते. ती विद्या खरी आहे ना, हे पारखून देणे हा त्याच व्रताचा भाग होय.