ठाण्याची पायरी संकट येण्याआधी चढा

(तरुण कार्यकर्त्यांच्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण. थोडे संपादन करून देत आहोत.)



आयोजकांनी मला विषय दिला आहे 'पोलीस आणि आपला मोहल्ला'. आधी एक प्रश्न विचारते. पासपोर्टची पडताळणी सोडून, स्वतःच्या कामासाठी पोलीस ठाण्यात गेलेले इथे किती जण आहेत? हात वर करा. चार. साठ जणांत चार. आता दुसरा प्रश्न. तुमच्या गल्लीचा बीट अंमलदार कोण आहे, त्याचे नाव किती जणांना माहीत आहे? एकही हात नाही.

मी वकिली करते. गेली पंधरा वर्षे बायकांच्या, मुलांच्या तक्रारी घेऊन ठाण्यांत जाते आहे. त्या अनुभवातून सांगते, ठाण्यात न जाण्याची किंमत सगळ्यात जास्त आपली गरीब माणसे मोजतात. एखाद्या मुलाचा मोबाईल चोरीला जातो, तो तक्रार देत नाही. विचारले तर म्हणतो, "मॅडम, मलाच बसवून ठेवतील." पण त्या मोबाईलमधले सिमकार्ड त्याच्या नावावर आहे. उद्या त्यावरून काही उद्योग झाला तर पोलीस याच्याच दारात येतील. शिवाय पोलीस तक्रारीची प्रत असेल तर तो फोन सरकारच्या सीईआयआर पोर्टलवरून बंद करता येतो. तक्रारच नाही, तर फोनही गेला आणि डोक्यावर टांगती तलवारही राहिली.

मुलींचे तर विचारूच नका. क्लासच्या वाटेवर कोणी रोज पाठलाग करतो. घरी सांगितले तर क्लास बंद होतो. आई म्हणते, "ठाण्यात नाव गेले तर रिश्ता कोण करणार?" पाठलाग करणारा मोकळा फिरतो आणि शिक्षण मुलीचे सुटते.

ही भीती आपण हवेतून आणलेली नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर कठोर ताशेरे ओढले. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मारली गेली, त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये दिलेल्या अहवालात अनेक पोलिसांच्या वागणुकीवर नावानिशी बोट ठेवले. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटात नऊ मुस्लिमांना अटक झाली. त्यांतल्या बहुतेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ही पाच वर्षे त्यांना कोणी परत देणार नाही. त्यामुळे "पोलिसांवर विश्वास ठेवा" असा उपदेश करायला मी आलेली नाही. उपदेशाने विश्वास येत नसतो. मग तो कसा येतो, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि ते याच भिवंडीतले आहे.

१९८४ मध्ये भिवंडीत पुन्हा दंगल पेटली आणि ती ठाणे, मुंबईपर्यंत पसरली. त्यानंतर १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. यंत्रमागांचे गाव, दाटीची वस्ती, दोन्ही समाजांत जुने घाव. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एका वस्तीतले हिंदू आणि मुस्लिम, दोघेही समितीत. पुढाऱ्यांपेक्षा सामान्य माणसांवर भर. पोलीस वस्तीत येऊन बैठका घेऊ लागले. बैठकीत दंगलीवर भाषणे होत नसत. पाण्यावरून झालेले भांडण, नवरा-बायकोचा वाद, पोरांची मारामारी, असले रोजचे विषय निघत. त्या निमित्ताने शेजारी शेजाऱ्याला आणि हवालदार रहिवाशाला नावाने ओळखू लागला.

मग ६ डिसेंबर १९९२ उजाडला. मुंबई जळत होती. दोनदा होरपळलेली भिवंडी पेटणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. भिवंडी शांत राहिली. आणि यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की तोवर खोपडे यांची बदली झालेली होती. अधिकारी गेला तरी ओळखी राहिल्या होत्या. अफवा आली की कोणाला विचारायचे, हे गल्लीगल्लीत लोकांना माहीत होते. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात भिवंडीच्या या प्रयोगाची दखल घेतली आहे. दंगलीनंतर मुंबईतही त्या वेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समितीची चळवळ सुरू झाली.

पण गोष्ट इथे थांबवली तर मी तुम्हाला अर्धेच सांगितले असे होईल. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाला लागून असलेल्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे गेली. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. चार घरांत मातम झाला. ज्या गावाने १९९२ मध्ये देशाला धडा दिला, त्या गावात चौदा वर्षांनी एका जागेच्या प्रश्नावर हे घडले. मी यातून एवढेच घेते की विश्वास एकदा मिळवून तिजोरीत ठेवता येत नाही. नळाला रोज पाणी यावे लागते, तसा तो रोज भरावा लागतो.

आज बहुतेक शहरांत मोहल्ला समिती किंवा शांतता समिती कागदावर आहे. तिची बैठक कधी होते? गणपती, मोहरम, ईद आली की. कोण बसलेले असते? ज्यांच्या खिशात समितीचे ओळखपत्र आणि मोबाईलमध्ये साहेबांबरोबरचा फोटो आहे ते. पुष्पगुच्छ दिला जातो, चहा होतो, "आमचे सहकार्य राहील" असे सांगून मंडळी उठतात. त्यातलेच काही जण नंतर तुमच्या तक्रारीत मध्यस्थी करतात आणि मध्यस्थीचे पैसे घेतात. ठाणे आणि वस्ती यांच्यात असा दलाल उभा राहिला की दोन्हीकडचा विश्वास तोच खातो. या समित्यांत बाई क्वचित दिसते, पंचविशीच्या आतले तर कोणीच नसते. ही जागा तुम्ही मागून घ्यायची आहे.

समित्या निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईसह अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. लोक आधी एकत्र बसले, बोलले, मार्ग निघाला. असे बसणे सणापुरते न ठेवता महिन्याला एकदा झाले तर काय होईल, याचा विचार करा.

मग करायचे काय? पाच-सहा जणांचा गट करा. त्यात किमान दोन मुली असू द्या. शेजारच्या गल्लीतले हिंदू, बौद्ध मित्र असू द्या. कारण रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर अंधार सगळ्यांनाच होतो. वरिष्ठ निरीक्षकांची वेळ घ्या आणि वस्तीचे दोनच प्रश्न लिहून न्या. उदाहरणार्थ, शाळेच्या मागच्या बोळात दिवा नाही आणि तिथे मुलींची छेड काढली जाते. किंवा अमुक टपरीच्या आसपास पोरांना 'बटन' गोळ्या मिळतात. दिव्यासाठी महापालिकेकडेही अर्ज द्या. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. महिन्याने पुन्हा जा आणि विचारा, काय झाले? काम झाले असेल तर तसे वस्तीत सांगा, त्या अंमलदाराचे नाव घेऊन सांगा. आपण पोलिसांच्या चुका फार जोरात सांगतो, चांगले काम सांगत नाही. नव्या शिपायाने चांगले वागावे असे वाटत असेल, तर चांगले वागल्यावर कोणीतरी त्याला ओळखले पाहिजे.

गोळ्यांचा विषय निघाला म्हणून आपल्या घरातलेही बोलते. गल्लीत नशा कोण विकतो, हे सगळ्यांना माहीत असते. "आपलाच पोरगा आहे" म्हणून कोणी बोलत नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला मोहल्ल्यातले बडे चार शब्द सुनावतात आणि बाईला पुन्हा त्याच घरात पाठवतात. ठाण्यात जाऊ दिले जात नाही, कारण "कौमची बदनामी होईल". बदनामी मारणाऱ्याची व्हायला हवी. सुरक्षा मागायची ती सगळ्यांसाठी मागा, त्यात आपल्याच घरातली बाईही आली.

आता कायद्याचे. विश्वास म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचे कलम १७३ वाचा. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, तिलाच आपण झिरो एफआयआर म्हणतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले. नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांना लेखी कळवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आणि एक लक्षात ठेवा, मारहाण होऊनही हातात नुसती एन.सी. दिली तर ती वाचल्याशिवाय सही करू नका.

कोणाला ताब्यात घेतले तर गर्दी करून ठाण्यावर जाऊ नका. दोन जण आणि एक वकील पुरेसे आहेत. अटकेचे कारण विचारा. नातेवाइकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते, हे राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आहे. चौकशीसाठी साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या घरी यावे लागते. ठाण्यात सीसीटीव्ही असलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. अन्याय झाला तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे. शांतपणे, कलम सांगून बोलणाऱ्या माणसाशी ठाण्यातला अंमलदार वेगळ्या स्वरात बोलतो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. ओळख ठेवायची आणि हिशेबही विचारायचा. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात.

शेवटचा मुद्दा. पोलीस दलात आपली मुले-मुली फार कमी आहेत. भरती निघते तेव्हा आपल्या मोहल्ल्यातून किती अर्ज जातात? "आपल्याला घेणार नाहीत" असे म्हणून मैदानावरच न जाणे, हे स्वतःच स्वतःला नापास करणे आहे. तुमच्या लायब्ररीत, तालमीत भरतीची तयारी सुरू करा. लेखी परीक्षा मराठीत असते, आणि तुम्ही मराठीत शिकलेले आहात. मुलींना आवर्जून पाठवा. ठाण्यात आपल्या वस्तीतली एक ताई खाकीत बसलेली दिसली, तर तिथे जाणाऱ्या बाईचे अर्धे भय उंबऱ्यावरच उतरते.

येत्या आठवड्यात एक काम करा. काही घडलेले नसताना, कोणाशी भांडण नसताना, आपल्या ठाण्यात जा. बीट अंमलदाराचे नाव आणि नंबर विचारा. महिला कक्षात कोण बसते ते विचारा. मोहल्ला समितीची पुढची बैठक कधी आहे आणि तिचे सदस्य कोण आहेत, ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर ते प्रश्न लिहून द्या आणि पोच घ्या. पुढच्या शिबिरात मी पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहे, आणि तेव्हा मला चारपेक्षा बरेच जास्त हात दिसले पाहिजेत.