विज्ञान शिकायचे आहे, पण कुठे आणि किती पैशांत?

(गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बुद्धीच्या देवतेसमोर शिक्षणावर बोलायचे म्हणजे थोडा धाकच वाटतो. त्यातून आम्ही काही प्राध्यापक नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेली माणसे. पण गेल्या वर्षी घरात बारावी झाली आणि त्या निमित्ताने आम्ही नवराबायकोने इतके फॉर्म भरले, इतके नियम वाचले, की कार्यकर्ते म्हणाले, "चार गोष्टी सगळ्यांनाच सांगा." म्हणून उभे आहोत.

उज्जैनमध्ये आपण लग्नाची पहिली पत्रिका चिंतामण गणपतीला देतो. कॉलेजचा पहिला फॉर्म भरताना मात्र पुण्याच्या मावशीला फोन लावतो! मावशीचे प्रेम खरे, पण मावशीला आपले नियम ठाऊक नसतात. पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहिलो तरी आपले मन पुण्याकडे धावते. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर मात्र भाषेचा रकाना नसतो, मूळ निवासीचा असतो. महाराष्ट्र सरकारच्या शिष्यवृत्त्या महाराष्ट्राच्या अधिवासी मुलांसाठी आहेत. "पुण्यात मुलींना फी नाही," असे आम्हालाही कळवण्यात आले. ती सवलत २०२४ पासून आहे हे खरे, पण ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, ठरावीक प्रवर्गांसाठी, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आणि तिथल्या अधिवासी मुलींसाठी आहे. आपण तिथे परगावचेच.

आपल्या मूळ निवासी दाखल्याची किंमत इथे आहे. मध्य प्रदेशात २०१७ पासून मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना चालू आहे. राज्य मंडळात ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईत ८५ टक्के मिळाले आणि घरचे उत्पन्न मर्यादेत असले, तर फी शासन भरते. मेस आणि अनामत रक्कम आपल्याकडे. उत्पन्नाची मर्यादा त्या त्या वर्षीच्या आदेशात पाहून घ्यावी.

आता आपल्यासारखे पगारदार म्हणतील, "मर्यादेतच आम्ही बाद होतो." बरोबर आहे. आम्हीही झालो. पण विज्ञान शिकणाऱ्यांसाठी काही दारे अशी आहेत, जिथे बापाचा पगार विचारतच नाहीत.

पहिले दार इन्स्पायर शिष्यवृत्तीचे. आपल्या मंडळाच्या बारावीच्या वरच्या १ टक्क्यात मूल आले आणि त्याने मूलभूत विज्ञान घेतले, तर वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला गेले, तर ही शिष्यवृत्ती नाही. आणि पैसे आधी येत नाहीत, नंतर येतात. पहिल्या वर्षाची तजवीज घरूनच करावी लागते.

दुसरे दार भुवनेश्वरच्या नायसरचे आणि मुंबईच्या सीईबीएसचे. अणुऊर्जा विभागाच्या या संस्थांत नेस्ट परीक्षेतून प्रवेश मिळतो, पाच वर्षांची एकात्मिक एमएस्सी होते आणि दिशा योजनेतून वर्षाला ६०,००० व उन्हाळी प्रशिक्षणासाठी २०,००० रुपये मिळतात. गणितात रमणाऱ्यांसाठी भारतीय सांख्यिकी संस्था आहे. तिथे शिक्षण शुल्क नाही, उलट पदवीच्या मुलांना दरमहा ५,००० रुपये विद्यावेतन मिळते. प्रवेश परीक्षा मात्र कठीण.

तिसरे दार आयसरचे. देशात अशा सात संस्था आहेत. पुण्याची २००६ ची, भोपाळची २००८ ची. आयएटी परीक्षेत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. केंद्रीय संस्था असल्याने प्रवेशाला अधिवासाची अट नाही. पुण्याची हौसच असेल, तर हे पुणे उज्जैनच्या मुलाला परके मानत नाही. कर्ज काढावे लागले, तर २०२४ साली मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. चांगल्या मानांकनाच्या संस्थांसाठी तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट.

काही घरांतली मुले अमेरिकेकडेही पाहतात. तिथल्या खाजगी कॉलेजांची छापील फी वाचून आपण कागद बाजूला ठेवतो. पण हार्वर्ड, येल, प्रिन्सटन, एमआयटी, ॲमहर्स्ट यांसारख्या संस्था परदेशी मुलाचाही अर्ज पैशाकडे न पाहता तपासतात, आणि निवड झाल्यावर घराला न झेपणारी रक्कम स्वतः भरतात. प्रवेश फारच थोड्यांना मिळतो, म्हणून सगळा भरवसा त्यावर ठेवू नये. पण यातून एक धडा घ्यावा. छापील फी पाहून कॉलेज खोडू नये. सगळी मदत वजा करून आपल्या खिशातून किती जाणार, तो आकडा काढावा आणि मगच ठरवावे.

आता आमच्या घरचे सांगतो. आमच्या लेकीला भौतिकशास्त्र हवे होते. "बीएस्सी करून काय करणार?" असे नातेवाईक म्हणाले, आणि खोटे कशाला बोला, आम्हीही म्हणालो. एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजसाठी पीएफ काढायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्हाला तरी डिप्लोमाच करायचा होता का?" आम्हाला बीएस्सी करायचे होते. घरात लवकर पगार हवा होता, म्हणून राहून गेले. आम्ही अर्ज फाडला.

आयसरच्या यादीत तिचे नाव आले नाही. दोन दिवस घरात कोणी नीट जेवले नाही. मग आम्ही इंदूरला होळकर विज्ञान महाविद्यालयात गेलो. १८९१ पासूनची ही संस्था शासकीय आहे, फी आवाक्यातली. त्याच शहरात राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन यंत्र आहे. आमच्या लेकीने परत येताना सांगितले, "इथूनही जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करता येते." आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. हाच रस्ता आपल्या उज्जैनच्या माधव विज्ञान महाविद्यालयातूनही जातो, आणि घरचा डबा मिळतो तो वेगळाच.

म्हणून कॉलेज बघायला जाल, तेव्हा इमारत आणि गेट पाहू नका. प्रयोगशाळेत जा. उपकरणांवर धूळ आहे की मुलांचे हात आहेत, ते पाहा. शिपायाला विचारा, आठवड्यातून किती दिवस उघडते? वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा, उन्हाळ्यात कुठे प्रकल्प केला? विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन योजना कुठल्याही कॉलेजच्या मुलाला खुली आहे. तिची माहिती तिथल्या मुलांना असेल, तर शिक्षक जागे आहेत असे समजा.

मुलींच्या पालकांना एक आठवण. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९११ साली आपल्या शेजारी इंदूरला जन्मल्या. १९३३ साली बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश अटींवर मिळाला, आणि १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आज ती अडवणूक राहिलेली नाही. निदान आपण घरातून तरी अडवू नये.

शेवटी आमची चूक सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर लेकीचे नाव आपल्या पद्धतीने, मध्ये वडिलांचे नाव लावून आहे. आधारवर फक्त नाव आणि आडनाव. समग्र आयडीत तिसरेच. एका शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यामुळे अडला. दुरुस्ती होईपर्यंत मुदत गेली, आणि तो अर्ज पहिल्याच वर्षी करायचा होता. मुलीने मिळवलेले पैसे आमच्या आळसाने गेले. दोष कोणत्या कार्यालयाचा नव्हता. दहावीनंतर दोन वर्षे आमच्या हातात होती.

तेव्हा अकरावीत मूल असलेल्यांनी या अनंत चतुर्दशीच्या आत एवढे करावे: गुणपत्रिका, आधार, समग्र आणि बँक खाते, चारही ठिकाणी नाव एकसारखे आहे का ते पाहावे. नसेल तर लोकसेवा केंद्रात चौकशी करून कुठला कागद कुठे दुरुस्त होतो ते विचारून घ्यावे. मूळ निवासी आणि आय प्रमाणपत्राची सोयही तिथेच होते. कोणाला फॉर्म समजत नसेल, तर रोज आरतीनंतर आम्ही अर्धा तास मंडपात बसतो. कागद घेऊन या, संकोच करू नका.

गणपती बाप्पा मोरया!